4 एकर विकून गाडीत संसार: आधी हिशेब मांडू

आर्वी तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाने विचारलंय: वडिलोपार्जित 9 एकर कोरडवाहू आहे. सडकेलगतच्या 4 एकरांचे 52 लाख येताहेत. त्यातून 32 लाखांची, आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, म्हणजे कॅरॅव्हॅन, घ्यायची, 15 लाख पोस्टात टाकायचे, 5 लाख हाताशी ठेवायचे. उरलेलं वावर एकरी 12 हजार मक्त्याने द्यायचं. बायको नागपूरच्या एका फर्मची हिशेबाची कामं घरून करते, महिना 32 हजार. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत. आई-वडील गावीच राहतील, बहीण चंद्रपूरला दिलेली. अमेरिकेतली कुटुंबं वर्षानुवर्षं अशी गाडीत राहतात, मग आम्ही का नाही?

भाऊ, फिरायची हौस आहे तर जरूर फिरा. पण त्यासाठी वावर विकू नका.

सगळ्यात आधी बहिणीचं. पत्रात तिचा उल्लेख फक्त चंद्रपूरपुरता आलाय. जमीन वडिलोपार्जित असेल तर 2005 च्या दुरुस्तीपासून मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि वडील हयात असोत-नसोत तो जन्मानेच मिळतो, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय. तिने मनापासून हक्कसोड पत्र लिहून दिलं तर गोष्ट वेगळी, नाहीतर ते 52 लाख एकट्या तुमचे धरूच नका. सही मागायला जाल तेव्हा गाडीचा बेतही सांगा. नंतर दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर जन्माचा अबोला ठरलेला.

कराची मात्र काळजी नको. आर्वीसारख्या 1 लाखाच्या आत वस्तीच्या गावासाठी नगरपालिकेच्या हद्दीपासून 2 किलोमीटरची मर्यादा आहे. तुमचं वावर त्याच्या बरंच बाहेर, म्हणजे ग्रामीण शेतजमीन, विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. हीच गोष्ट दलालाने तुम्हाला दहादा ऐकवली असणार. पण 7 वर्षांनी परत यावंसं वाटलं तर सडकेलगतचं तेच 4 एकर त्या भावात कोण देईल, हे त्याने नक्की सांगितलं नसेल. निदान उरलेल्या 5 एकरांना हात लावू नका. आपल्याकडे शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. सातबाऱ्यावरून नाव गेलं की परतीची वाट अवघड होते.

आता गाडी. विमा कंपन्या ज्या तक्त्याने गाडीची किंमत धरतात, त्यात पाचव्या वर्षात ती निम्म्यावर येते. 32 लाखांतले 16 लाख 5 वर्षांत गेले, म्हणजे महिन्याला साडेसव्वीस हजार, गाडी जागची हलली नाही तरी. वहिनींच्या पगारातले बहुतेक सगळे. हा खर्च तुमच्या वहीत कुठेच नाही.

वहीत असलेलं पाहू. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत 15 लाख ही संयुक्त खात्याची कमाल मर्यादा; 7.4 टक्क्यांनी महिना 9,250. मक्त्याचे महिन्याला 5 हजार पडले. वहिनींचे धरून 46,250. महिन्याला 1,500 किलोमीटर म्हणजे काही फार नाही, पण 9 चं अॅव्हरेज धरलं तरी डिझेलला 15 हजार. टोल, किराणा, गॅस, टायर, सर्व्हिसिंग, विमा, रात्रीचा मुक्काम, इंटरनेट धरून आकडा 51 हजारांच्या खाली येत नाही. घरी आई-वडिलांना काही पाठवायचं ते यात धरलेलंच नाही. हाताशी ठेवलेले 5 लाख हळूहळू इथेच झिरपतील, आणि एकदा इंजिनाचं काम निघालं की हळूहळूही नाही.

तिकडच्या कुटुंबांना ठिकठिकाणी कॅम्पग्राउंड मिळतं. वीज, पाणी, सांडपाणी, तिन्ही जोडण्या तिथे असतात, कागदोपत्री कायमचा पत्ता नोंदवायला साउथ डकोटासारखी राज्यं सोयीची आहेत. आपल्या राज्याने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तरी रोजच्या मुक्कामाला पेट्रोल पंप, ढाबा, फार तर एखाद्या देवस्थानाचं आवार. संडासाची टाकी कुठे रिकामी करायची, हा प्रश्न व्हिडिओत कुणी दाखवत नाही. मे महिन्यात दुपारी 45 अंशांत, पत्र्याच्या खोलीत, बॅटरीवर एसी किती वेळ चालेल आणि वहिनी हिशेब कुठे बसून लिहितील? त्यांच्या कामावर अख्खा बेत उभा आहे, आणि पत्रात त्यांचं मत एका ओळीनेही नाही. ते मला आधी कळवा.

स्वस्तात पडतं म्हणून जुनी ट्रॅव्हलर घेऊन गॅरेजवाल्याकडून बिछाने आणि सिंक बसवायचा मोह होईल. आरटीओची आधी परवानगी आणि आरसीवर नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते.

मुलाचं एक-दोन वर्षं निभेल. मुलीचं दहावीचं वर्ष मात्र दाराशी आहे. 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते, पण त्याचीही नोंदणी वेळेत करावी लागते, आणि अभ्यासाला तिला हलतं टेबल नको.

माझं ऐकाल तर असं करा. यंदाच्या उन्हाळ्यात परीक्षा आटोपल्या की तयार कॅरॅव्हॅन 10-12 दिवस भाड्याने घ्या आणि थंड मुलुखाकडे निघा. विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात, तेवढी सवड आहे. वहिनींनी त्या दिवसांतही काम चालू ठेवावं, सुट्टी घेऊ नये. खरी परीक्षा तीच आहे. परत आल्यावरही चौघांचं मन तेच म्हणत असेल तर मुलीची दहावी आटोपली की पाडव्याच्या सुमारास एका हंगामापुरतं सगळं वावर लेखी मक्त्याने द्या आणि वर्षभराचा बेत 8-10 लाखांच्या जुन्या, रीतसर नोंदणीच्या गाडीवर बसवा. तेवढे पैसे कुठून येतील ते आपण बसून काढू; वर्षभर फिरायला पुढे वेळ मिळेल, सडकेलगतचं वावर मिळणार नाही.

तुमच्यावर असलेलं सोसायटीचं 1 लाख 60 हजारांचं पीक कर्ज मात्र मुदतीत भरा. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत 3 लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडलं तर व्याज पडत नाही. फिरण्याच्या नादात तारीख चुकली तर ती सवलत हातची जाईल.

आणि बयाणा घेतला नसेल तर घेऊ नका. घेतला असेल तर इसारपावतीवर सौदा मोडल्यास काय, याची ओळ वाचा आणि तिचा फोटो मला पाठवा.