डावखुऱ्याचा चाकू आणि दोन वर्षांची रांग

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

हाताने घडवलेल्या घडीच्या चाकूसाठी दोन वर्षं थांबावं का, आणि कारागीर मागतोय तसे सगळे पैसे आधीच द्यावेत का, असे दोन प्रश्न तू एका दमात विचारलेस. पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही. नुसत्या हो-नाहीवर तू गप्प बसणारा नाहीस, म्हणून सविस्तर लिहितो.

वडिलांना हे खूळ वाटतं म्हणतोस. वाटणारच. आपल्याकडे घडीचा चाकू म्हटलं की रामपुरी आठवतो आणि रामपुरीमागोमाग पोलीस चौकी. शिवाय बाजाराच्या दिवशी घिसाडी ट्रकच्या कमानीचा पाटा भट्टीत लाल करतो, ऐरणीवर घण घालतो, पाणी देतो आणि तुझं बाकीचं सामान घेऊन होईस्तोवर विळा तयार ठेवतो. त्या विळ्याने सावदा-रावेरकडे केळीचे घड उतरतात, एक हंगाम नव्हे, कित्येक हंगाम. मग बोटभर पात्याला दोन वर्षं कशाला, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे.

विळ्यात हलणारं काही नाही, आणि घडीच्या चाकूत सगळी मेहनत हलणाऱ्या भागात जाते. तू पसंत केलेला लायनर लॉक, म्हणजे उघडलेलं पातं जागेवर धरून ठेवणारं कुलूप, तोच घे. आज चालतो त्या रूपात तो अमेरिकेच्या मायकेल वॉकर या कारागिराने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणला. मुठीच्या आत दोन्ही अंगांना धातूच्या पातळ पट्ट्या असतात, बहुधा टायटॅनियमच्या. त्यातली एक लांबीत चिरून आतल्या बाजूला किंचित वाकवलेली असते. पातं पुरतं उघडलं की ती सरकते आणि पात्याच्या बुडामागे आडवी येते. झालं, कुलूप लागलं. वाचायला सोपं वाटतं. पण ती जिथे टेकते तिथे पात्याच्या बुडाला सात-आठ अंशांचा उतार घासलेला असतो, आणि सगळा जीव त्या उतारात आहे. उतार जास्त झाला तर जोर लावताच पट्टी निसटून पातं बोटांवर मिटतं. कमी झाला तर पट्टी अशी रुतून बसते की अंगठ्याने सोडवता येत नाही. नव्या चाकूत पट्टीने बुडाच्या रुंदीचा पाव ते तिसरा हिस्सा धरलेला असावा, म्हणजे पुढे झीज झाली की आत सरकायला जागा उरते. पहिल्याच दिवशी ती पार पलीकडे जाऊन टेकत असेल, तर चाकू कितीही देखणा असो, परत कर.

त्यात पुन्हा हे माप पातं कडक झाल्यावर जुळवायचं असतं. चांगलं स्टेनलेस पोलाद हजार अंशांच्या वर तापवून झटकन थंड करतात आणि मग दोनशेच्या आसपास तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. हे करून ते रॉकवेल या कडकपणाच्या मापावर साठच्या घरात गेलं की त्यावर कानस नुसती घसरते. पुढचं सगळं ग्राइंडरवर, आणि तिथे माल काढता येतो, परत घालता येत नाही. कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं बनवण्यात, आयुष्य गेल्यामुळे मला हे नीट ठाऊक आहे : शेवटच्या दोन-तीन शतांश मिलिमीटरना आधीच्या सगळ्या कामाइतका वेळ लागतो. कारागीर चाकू जोडतो, उघडमिट करतो, उजेडाकडे धरून फट बघतो, पुन्हा खोलतो. पातं फिरतं तिथली फॉस्फर ब्राँझची वॉशर काचेवर पॉलिश पेपर पसरून इंग्रजी आठाच्या आकड्यात घासतो, पुसतो, परत बसवतो. मिटलेलं पातं खिशात आपोआप उघडू नये म्हणून पट्टीत दीडेक मिलिमीटरची कडक गोळी बसवतात, आणि तिच्यासाठी पात्याला बारीक भोक असतं. ते भोक केसभर सरकलं तरी पातं एक तर आत खडखडतं, नाही तर उघडताना अंगठा दुखवतं.

आता हिशेब कर. समज, एकटा माणूस महिन्याला चार चाकू पुरे करतो आणि वहीत शंभर नावं आहेत. दोन वर्षं तिथेच झाली. त्यात मुद्दाम अडवून धरल्याचा भाग नाही. (मुद्दाम अडवणारेही असतात. त्यांची रांग लांबते तसा त्यांचा दरही चढतो, त्यावरून ओळखू येतात.)

पण एक गोष्ट तुला आवडणार नाही तरी सांगतो. सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर, निघालेला कारखान्याचा चाकू आज मापात हातच्या कामापेक्षा उणा नसतो, बऱ्याचदा सरसच असतो. हाताचं म्हणजे अधिक अचूक, या समजुतीवर पैसे घालणार असशील तर नको घालूस. तू डावखुरा आहेस, म्हणून मी हो म्हणतोय. दुकानातला लायनर लॉक उजव्या अंगठ्याने पट्टी ढकलायची, या हिशेबाने केलेला असतो. डाव्या हातात धरलास की तीच पट्टी तर्जनीने सोडवावी लागते आणि ते बोट मिटणाऱ्या पात्याच्या वाटेत येतं. तुझ्यासाठी सगळी रचना आरशात बघितल्यासारखी उलटी हवी : पट्टी पलीकडच्या अंगाला, उतार उलटा, खिशाची क्लिपही उलटी. तसं करून देणारे कारखाने थोडे. इथे कारागिराकडे जायला कारण आहे. बाकी वरचं कोरीवकाम, रंगीत टायटॅनियम वगैरे हौस झाली. हौसेला मोल नसतं, पण तिच्यासाठी दोन वर्षं थांबायचं का ते तुझं तू ठरव.

पैशांचं ऐक. नावनोंदणीला थोडी रक्कम द्यायला हरकत नाही. काही जुनेजाणते कारागीर तेवढीही घेत नाहीत, पातं घासायला घेतलं की कळवतात. सगळी रक्कम आधी मागणारा बहुधा तुझ्या पैशातून मागच्याचा चाकू पुरा करत असतो, आणि तुझ्या चाकूच्या वेळी पुढचं गिऱ्हाईक मिळालं नाही की तुझं काम अडकतं. माणूस लबाड असतो असं नाही, नुसता हिशेब कच्चा असला तरी असंच होतं. तो आता कोणत्या महिन्याच्या ऑर्डरी करतोय ते विचार. सरळ उत्तर आलं तर ठीक. रांग टाळायची म्हणून दुपटीने विकणाऱ्याकडून घेऊ नकोस. त्याच्याकडे डाव्या हाताचा मिळणारच नाही.

तोवर ओपिनेल वापर, आठ नंबरचा. फ्रान्समधल्या सॅव्हॉय भागातला हा १८९० पासूनचा साधा शेतकऱ्याचा चाकू. पातं साडेआठ सेंटिमीटर, बीच लाकडाची मूठ, आणि १९५५ पासून फिरवून कुलूप लावायची कडी. कडी डाव्या हातालाही चालते. त्याने ठिबकच्या नळ्या काप, खताच्या गोण्यांची सुतळी तोड, केळफूल उतरव. कार्बन स्टीलचा घेतलास तर केळीच्या चिकाने पातं काळं पडलेलं दिसेल. पावसाळ्यात मूठ फुगून पातं अडकेल. हे सोसून बघ, मग कारागिराला काय सांगायचं ते आपोआप कळेल. माझ्या मते आपल्याकडे मे महिन्यातली पंचेचाळीस अंशांची कोरडी झळ आणि मागोमाग श्रावणातली ओल, यात लाकडापेक्षा मायकार्टाची, म्हणजे राळेत कापडाचे थर दाबून केलेली, मूठ बरी. घामेजल्या हातातही ती घसरत नाही. पातं आरडब्ल्यूएल-३४ चं मागितलंस तर उत्तम. स्वीडनचं पावडर स्टील (पोलादाची भुकटी दाबून केलेलं) आहे, गंजाला दाद देत नाही आणि घरच्या दगडावर धार लागते. अमेरिकेतले नामांकित कारागीर आर. डब्ल्यू. लव्हलेस यांच्या नावावरून ते नाव पडलं. पात्याची लांबी तीन इंचांपुढे नको.

कायद्याचंही लक्षात ठेव. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे, तिथवर तू पोचत नाहीस. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीला मनाई आदेश निघतात, त्यात चाकूसुद्धा बाळगता येत नाही. पेपरात ते छापून येतात, वाचत जा. विमानात हातातल्या बॅगेत तर कधीच नको. आणि चारचौघांत फटकन उघडून दाखवायचा मोह आवर, म्हणजे वडिलांचा अर्धा विरोध तिथेच मावळेल.

पोळ्याला घरी येशील तेव्हा डावा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारून आण. तळव्याची रुंदी आणि अंगठ्याच्या मुळापासून टोकापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये लिही. व्हर्निअर माझ्याकडे आहे, नीट मापून कारागिराला पाठवायचा कागद आपण बसून करू.

तुझे,
आप्पा