मुंबई-लंडन : आठ तास की दहा तास?

प्रश्न : बहीण लंडनला असते, आई पहिल्यांदाच एकटी तिच्याकडे चाललीये. नेटवर अंतर ७२०० किमी दाखवतात, विमानाचा स्पीड ९०० म्हटलं तर आठ तासांत पोचायला पाहिजे ना? पण तिकिटावर जाताना दहा तास आणि येताना नऊ लिहिलेत. त्यात दुपारी १ ला निघून संध्याकाळी ६.३० ला लँडिंग, म्हणजे साडेपाचच तास! आईला शुगरच्या गोळ्या चालू आहेत, हिशोब नक्की कितीचा धरू? – एक वाचक, सातारा

उत्तर : दहा तासांचाच धरा. तिकिटावर निघायची वेळ मुंबईची असते आणि पोचायची लंडनची, आणि उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, त्यामुळे तिथे ६.३० वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे ११ झालेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे घेतात, मग मार्चअखेरपर्यंत हाच फरक साडेपाच तासांचा.

आता ते ७२०० किमी. पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणला की जे भरतं ते हे अंतर, पण त्या दोऱ्यावरून विमान जाईलच असं नाही. हा दोरा पाकिस्तान आणि युक्रेनवरून जातो. युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना २४ फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली, मग त्यांना अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागला, परदेशी कंपन्यांना मात्र नाही. म्हणून शहरं तीच असली तरी कंपनी बदलली की वेळ बदलू शकतो, बुकिंग करताना हे जरूर बघा.

जाता-येता जो फरक पडतो तो वाऱ्याचा. दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, हिवाळ्यात तर त्यांचा जोर फारच असतो. ९०० हा विमानाचा हवेतला स्पीड झाला, समोरून १०० चा वारा असेल तर जमिनीच्या हिशोबाने ८०० च उरतो, आणि येताना तोच वारा मागून ढकलतो म्हणून १०००.

शिवाय तिकिटावरचा वेळ म्हणजे गेटवरून विमान हललं तिथपासून पलीकडे गेटला लागेपर्यंतचा. मुंबईत दोन रनवे एकमेकांना छेदतात त्यामुळे एका वेळी एकच वापरता येतो, गर्दीच्या वेळी टेकऑफसाठी रांग लागते, आणि हीथ्रोवर गर्दी असली की उतरायच्या आधी लंडनच्या आसपास आकाशात गोल गोल घिरट्या घालत थांबवतात. आईंना हे आधीच सांगून ठेवा हां, पहिल्यांदा एकटं जाणारं माणूस तेवढ्याने घाबरतं.

गोळ्यांचं म्हणाल तर आईंचं मनगटी घड्याळ लंडनला उतरेपर्यंत भारतीय वेळेवरच राहू द्या. विमानतळावर तीन तास आधी जाणं आणि तिकडे इमिग्रेशनची रांग धरली तर दहाचे सहज चौदा-पंधरा तास होतात, म्हणून गोळ्या, प्रिस्क्रिप्शन आणि थोडा कोरडा खाऊ हातातल्या पर्समध्येच हवा, चेक-इन बॅगेत अजिबात नको. विमानातल्या जेवणाच्या वेळा घरच्यासारख्या नसतात, त्यामुळे कुठली गोळी कधी घ्यायची ते निघायच्या आधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. आणि व्हीलचेअर लागणार असेल तर ती बुकिंगलाच सांगा.