प्रबंधाचा विषय काउंटरमागे शोध

चि. बाय,

अनेक आशीर्वाद. माहिती तंत्रज्ञान आणि संस्थांमधले बदल या विषयात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाल्याचं तुझ्या बाबांकडून कळलं. फार आनंद झाला. यातला तंत्रज्ञानाचा भाग तुला जड जाणार नाही, डेटाबेस-प्रोग्रामिंग तू शिकलीच आहेस. वेळ दे तो संस्थेला, म्हणजे तिथल्या माणसांना.

वाचायला मूळ निबंधच घे, नोट्स नकोत. ट्रिस्ट आणि बॅमफर्थ यांचा १९५१चा निबंध ब्रिटनमधल्या कोळसा खाणींवरचा आहे. पूर्वी तिथे माणसांची छोटी टोळी सगळं काम मिळून करायची. यंत्रं आली आणि कामाचे तुकडे होऊन पाळ्यांत वाटले गेले. एका पाळीचं राहिलेलं दुसरीच्या माथी यायला लागलं, गैरहजेरी वाढली, उत्पादन अपेक्षेइतकं मिळेना. मग बार्लीचा १९८६चा निबंध वाच. अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांत सारखंच सीटी स्कॅनर आलं, पण तंत्रज्ञ आणि डॉक्टर यांच्यातला अधिकार दोन्हीकडे वेगळ्या रीतीनं बदलला. लोक नवं तंत्रज्ञान स्वीकारतात की नाही, यावरचं डेव्हिसचं १९८९चं प्रतिमान तर तुला शिकवतीलच: उपयोगाचं वाटतं का, वापरायला सोपं वाटतं का. त्यावर प्रश्नावली वाटून प्रबंध लवकर उरकतो, म्हणून पुष्कळजण तेच घेतात. तू घेऊ नकोस असं माझं स्पष्ट मत आहे.

का, ते सांगतो. फोंड्याकडच्या एका पतसंस्थेत संगणक बसवायच्या कामात मी होतो. सॉफ्टवेअर सुरू झालं तरी कॅशियरबाई काउंटरखाली जुनी वही ठेवायच्या. वरच्यांनी ठरवून टाकलं, बाईंना संगणक नको आहे. वही उघडली तर समासात पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘काजू झाल्यावर’, ‘मुलगा बोटीवरून आल्यावर’. कोणाचा हप्ता का थांबलाय आणि कधी येईल, ते सगळं त्या समासात होतं. स्क्रीनवर त्याला रकानाच नव्हता. तिथे फक्त ‘थकीत’ एवढंच दिसायचं, लाल अक्षरांत. बाईंचा विरोध संगणकाला नव्हताच. प्रश्नावली दिली असती तर त्यांनी ‘सोपं आहे’वर खूण केली असती आणि वही कोणालाच दिसली नसती.

तेव्हा जागा अशी निवड जिथे तासन् तास बसू देतील. पंचायत, दूध सोसायटी, म्हापशातला एखादा घाऊक व्यापारी. वेर्ण्यातल्या मोठ्या कारखान्याचं नाव प्रबंधावर चांगलं दिसेल, पण गेटच्या आत कितीसं बघू देतील? बसल्यावर लगेच मुलाखती घेऊ नकोस. ‘सिस्टम कशी आहे’ विचारलंस की ‘बरी आसा’ एवढंच उत्तर येईल. कोणाचा पासवर्ड सगळे वापरतात, अडलं की फोन कोणाला लावतात, प्रिंट काढून कुठल्या फायलीत जपतात, ते बघ. कोंकणीत बोल आणि त्यांचेच शब्द त्याच संध्याकाळी उतरवून ठेव. माणसांची नावं टिपणांतही घालू नकोस. लहान गावात कोण कोण ते लगेच ओळखतात.

लेखी परवानगी मात्र आधी हवी. अर्ज संचालक मंडळापुढे जातो आणि बैठक रोज होत नाही, म्हणून पहिल्या सत्रातच टाक. मसुदा मला पाठव, सेक्रेटरीच्या नावे करायचा की चेअरमनच्या, ते जागा कळली की सांगतो.

तुझा,
काका