भाकरीवर राग काढू नकोस

पत्र : मावशी, मी अमळनेरची, वय ३९. मिस्टर सुरतला कामाला, पंधरा दिवसांनी शनिवारी येतात. सासूबाई दीड वर्षापासून अंथरुणाला खिळल्यात, रात्रीतून दोन-तीनदा उठावं लागतं. दुपारचे चार वाजले की मला काही सुचत नाही. वेफर्स, खारी, शेव, हाताला लागेल ते खाते. खाताना बरं वाटतं, मग रडू येतं. वजन ९ किलो वाढलंय. वेफर्सचं पाकीट मी डाळीच्या डब्यामागे लपवते. जाऊ चारचौघांत म्हणते, ‘खाईखाईसन कशी फुगी गयी!’ मोबाइलवर वाचलं की पिठाचं खाल्लं की मेंदूत आनंदाचं रसायन तयार होतं, म्हणून उदास माणसाला त्याची ओढ लागते. नणंद म्हणते, भाकरी-पोळी सगळी बंद कर. काय करू?
— डब्यामागची

डब्यामागचे,

आधी भाकरीचा निकाल लावू, कारण नणंदेने तिलाच आरोपी केलंय. तू लिहिलेले पदार्थ पुन्हा वाच. वेफर्स, खारी, शेव. चार वाजता कोरड्या भाकरीवर तुटून पडले, असं तू कुठेच लिहिलेलं नाहीस. केळ्याच्या वेफर्समध्ये वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा तेल असतं, १०० ग्रॅममध्ये पाचशेच्या वर कॅलरी. खारीचा पापुद्रा न् पापुद्रा डालड्यावर सुटलेला असतो. शेव तर कढईतूनच आलेली. पीठ, तेल आणि मीठ एकत्र आलं की हात थांबत नाही, आणि पोट भरल्याचं कळायच्या आत पाकीट संपतं. तुझं वजन तिथे वाढलं असणार. भाकरी बंद केलीस तर चार वाजता आणखी दोन पाकिटं फुटतील, दुसरं काही होणार नाही.

मोबाइलवर वाचलंस ते खोटं नाही, अर्धवट आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातले संशोधक रिचर्ड आणि ज्युडिथ वुर्टमन, हे नवराबायको, त्यांनी १९८०च्या दशकात ही कल्पना मांडली. पिष्टमय किंवा गोड खाल्लं की इन्सुलिन वाढतं. ते रक्तातली बरीचशी अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे सुटे घटक, स्नायूंकडे पाठवतं. त्यामुळे ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लाला मेंदूत शिरायला मोकळी वाट मिळते आणि त्यापासून सेरोटोनिन, म्हणजे तू वाचलेलं ते आनंदाचं रसायन, बनतं. कागदावर चोख आहे. पण सोबत थोडी प्रथिनं आली तरी हा परिणाम फिका पडतो, आणि तुझी शेव तर बेसनाचीच! २०१९ मध्ये ३१ अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा कर्बोदकं, म्हणजे असलं पिष्टमय-गोड, खाऊन मूड सुधारल्याचं दिसलंच नाही. उलट अर्ध्या तासात थकवा वाढलेला आणि तासाभरात तरतरी कमी झालेली दिसली. त्यामुळे ‘माझ्या मेंदूला हे औषधासारखं लागतं’ ही समजूत सोडून दे.

मग खाताना बरं का वाटतं? चव लागते म्हणून, आणि मला वाटतं, त्या वेळी सासूबाईंचा डोळा लागलेला असतो म्हणूनही. अख्ख्या दिवसात तेवढी दहा मिनिटं तुझ्याकडे कुणी काही मागत नाही. ती दहा मिनिटं तुला हवीतच. ती वेफर्सवरच का जावीत, एवढाच प्रश्न आहे.

तुझ्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ओळ तू जाता जाता लिहून गेलीस : रात्रीतून दोन-तीनदा उठावं लागतं. शिकागोमध्ये धडधाकट तरुण मुलांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. २००४ मध्ये तो अभ्यास छापून आला. भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, आणि ओढ कशाची वाढली, तर गोड, खारट आणि पिठाळ पदार्थांची. ती विशीतली पोरं, दोनच रात्री. तू दीड वर्ष काढलंस. यात मनाचा कमकुवतपणा मला तरी कुठे दिसत नाही.

दुपारी काय जेवतेस ते तू कळवलं नाहीस. अंदाज करू? सगळ्यांचं आटोपून अडीच वाजता, ओट्याशी उभ्याने, पाऊण भाकरी आणि भाजीचा तळाला उरलेला रस्सा. चार वाजता पोट बोंब मारणारच. उद्यापासून सासूबाईंना भरवायच्या आधी स्वतः खाली बसून जेव. हो, आधी. कळण्याची भाकरी कर; ज्वारीत उडीद असल्याने ती पोटात टिकते. सोबत वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, आणि ताक. चार वाजता मूठभर फुटाणे-शेंगदाणे घे. त्यानंतरही वेफर्स हवेच असतील तर बशीत काढून, बसून, सगळ्यांसमोर खा. लपवलेलं माणूस घाईने खातं, आणि घाईत पाकीट कधी संपलं ते कळत नाही.

रडण्याचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस मन उदास असेल, कशातच जीव लागत नसेल, तर डॉक्टरांना नुसतं वजन सांगू नकोस, हेही सांग. नैराश्यात भूक मरते असं सगळे धरून चालतात. काहींची ती वाढते आणि वजनही वाढतं. थायरॉइड आणि साखर तपासून घे. झोपेच्या किंवा मनाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची नावं सांग, काही गोळ्यांनी भूक खवळते. पण मनाने बंद करू नकोस. जिवाचं बरंवाईट करावं असं कधी मनात आलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

जावेला आठवड्यातून एक रात्र सासूबाईंजवळ झोपायला बोलाव. टोमणे थांबले तर ठीक. नाही थांबले, तरी तुझी एक रात्र सलग झोप होईल.

आणि मिस्टरांना तू यातलं काही बोललीस असं पत्रात कुठे दिसलं नाही. शनिवारी सुरतची गाडी येईल. आईचे लंगोट बदलायला, कूस वळवायला त्या रात्री त्यांनी उठायचं, तू दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. ते थकून आलेले असतात, मान्य. रविवारी दुपारी त्यांनाही झोपू दे.

— मावशी