रोजच्या कामासाठी आणि विरंगुळ्यासाठी तुमची आवडती मोबाईल अ‍ॅप्स कोणती?

फोनमध्ये अ‍ॅप्स ढीगभर आहेत, पण बोट जातं ते तीन-चारांवरच.

सगळ्यात जास्त वापरतो ते गूगल कीप. दिसायला अगदी साधी चिठ्ठ्यांची वही. पण एखादी यादी घरातल्या दुसऱ्याशी शेअर केली की खरी गंमत कळते. मी इकडे एका ओळीवर टिक केली की तिकडे बायकोच्या फोनवरही ती खोडलेली दिसते, त्यामुळे "ते आणलंस का?" हा फोन वाचतो. हात कामात असले तर बोलूनही नोंद करता येते. मराठीत बोललेलं कधीकधी भलतंच उमटतं, तेवढं चालवून घ्यायचं.

लक्ष लागत नसेल तर फॉरेस्ट. २५ मिनिटं लावली की पडद्यावर रोप वाढायला लागतं. मध्येच दुसऱ्या अ‍ॅपमध्ये डोकावलात तर ते मरतं. पोरखेळ वाटेल, पण वाळकं झाड बघून खरंच लाज वाटते!

विरंगुळ्याला लिचेस. बुद्धिबळाचं हे अ‍ॅप पूर्ण फुकट आहे, जाहिरात एकही नाही, चालतं ते देणग्यांवर. डाव हरल्यावर विश्लेषण उघडायचं, घोडा नेमका कुठे फुकट घालवला ते लगेच कळतं. फक्त झोपायच्या आधी उघडू नका. "एकच डाव" म्हणता म्हणता बारा वाजतात, स्वानुभव आहे.

व्हिडिओसाठी व्हीएलसी, बाकी काही लागत नाही.