झुरळांचा बंदोबस्त करताना पहिला महिना

झुरळे दिसताच आपण पहिल्याच दिवशी फवाऱ्याचा डबा आणला असेल, तर ही चूक आम्ही सर्वांनीच केलेली आहे, तेव्हा खट्टू होऊ नये. फवाऱ्याने समोरची चार झुरळे उलटी पडतात, उरलेली मात्र ओट्याखालच्या फटींत आणखी आत सरकतात. त्याऐवजी रात्री उशिरा स्वयंपाकघरातला दिवा एकदम लावून ती कोठे पळतात ते पाहावे. माझ्याकडे ती मिक्सरच्या बुडाखाली आणि फ्रिजच्या मोटरपाशी, म्हणजे ऊब असते तेथेच, सापडली.

सुरुवातीला एवढेच करावे :

- त्या फटींजवळ जेलचे (झुरळे खाऊन मरतात अशा विषारी आमिषाचे) मसुराएवढे ठिपके अनेक ठिकाणी द्यावेत. एकच मोठा गोळा लावू नये.
- ठिपक्यांच्या आसपास फवारा किंवा फिनेल मारू नये, कारण मग झुरळे जेलला तोंडच लावत नाहीत.
- रात्री सिंक कोरडे पुसावे आणि खरकटी भांडी ठेवू नयेत.

डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेल्या लहान तपकिरी जातीच्या अंड्यांच्या एका पिशवीत ३० ते ४० अंडी असतात आणि ती फुटण्यास सुमारे महिना लागतो. म्हणून आठवड्याने पुन्हा झुरळ दिसले तरी औषध बदलण्याची घाई न करता, दोन-तीन आठवड्यांनी ताजे ठिपके द्यावेत. घरात रांगते मूल असल्यास हे ठिपके बिजागरीच्या मागेच लावावेत.