वडील वारल्याचं सात वर्षांच्या मुलीपासून लपवलंय, मी तिला सांगू का?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुम्ही पुण्याकडून धुळे जिल्ह्यात येऊन ऊसतोडवाल्यांच्या वस्तीवर संध्याकाळचा वर्ग घेता, वर्गातल्या एका मुलीचे वडील तोडणीवर असतानाच वारले आणि घरचे तिला सांगताहेत की पप्पा सुरतला कामाला गेलेत. समुपदेशक जवळपास कुणी नाही, मग मीच सांगून टाकू का, असा तुमचा प्रश्न.

सांगायला पाहिजेच. पण तुम्ही नाही, घरच्यांनी.

मी याच भागात जिल्हा परिषद शाळेवर सोळा वर्षं मास्तर आहे, मानसोपचारातलं काही शिकलेलो नाही, पण असली पोरं वर्गात दरवर्षी एखाददुसरं असतंच. आणि "सुरतला गेले" हे खोटं आपल्या खान्देशात फार वाईट पडतं बरं का. दुसरीकडं "देवाघरी गेले" सांगतात, पोराला निदान एवढं कळतं की ते लांबचं काहीतरी आहे. पण आपल्याकडं सुरतला गेलेला माणूस परत येतो ना! दिवाळीनंतर मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन गेलेली जोडपी आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, गावात येतात, हे इथलं शेंबडं पोरगंही सांगेल. म्हणजे आपण त्या लेकराला तारीखच देऊन ठेवतो.

माझ्या वर्गात तिसरीला एक पोरगा होता, त्यालाही असंच सांगितलेलं. आखाजीच्या आधीच्या आठवड्यात वस्तीवर गाड्या यायला लागल्या, भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्यांसकट माणसं उतरायला लागली, आणि हा फाट्यावरच्या निंबाखाली जाऊन बसायचा. गाडी आली की उठायचा, सगळे उतरेपर्यंत उभा राहायचा, मग परत बसायचा. मला वाटलं सुट्टीत खेळतोय, दोन-तीन दिवस मी गाडीवरून तिथून हात करून गेलो, आज लाज वाटते. शेवटी त्यानंच विचारलं, सर, सुरतच्या गाडीला अजून किती दिस?

मग मी घरी गेलो. आपल्याकडं दारवर, म्हणजे मयताच्या घरी भेटायला, जातात तसंच जायचं, फाईल न्यायची नाही, मोबाईल काढायचा नाही, फोटो तर अजिबातच नाही. जाऊन बसायचं, कोरा चहा आला तर घ्यायचा. पहिल्या दिवशी मी विषयच काढला नाही. दुसऱ्यांदा आजीला म्हणालो, तो फाट्यावर बसतो, तुम्हाला माहितीय का? म्हातारीला माहितीच नव्हतं. पदर तोंडाला लावून रडली आणि म्हणाली लहान जीव आहे म्हणून लपवलं, आखाजीलाही आगारी, म्हणजे गेलेल्यांच्या नावानं विस्तवात घास, टाकताना त्याला मामाकडं पाठवून देणार होतो.

मी एवढंच म्हणालो, पाठवू नका.

तिनंच सांगितलं त्याला, मामाला शेजारी बसवून, अहिराणीत. "तुना बाप मरी गया, तो आते येवाव नही." मला तेव्हा फार कठोर वाटलं, पण आता वाटतं तेच बरोबर होतं. झोपला, सोडून गेला, देवानं नेलं असलं बोललं की लहान पोरं शब्दाला शब्द धरतात, मग झोपायला घाबरतात नाहीतर देवावरच चिडतात. सहा-सात वर्षांच्या सगळ्याच मुलांना मेलेला माणूस परत येत नाही हे पुरतं उमजलेलं असतं असं नाही, त्यामुळं तुमची मुलगी एकदा सांगून झाल्यावरही पुन्हा पुन्हा तेच विचारेल, कधी येणार, तिथं जेवतो का, थंडी वाजते का. दर वेळी तेच साधं उत्तर द्यायचं, वैतागायचं नाही. आणि एक गोष्ट ती विचारणार नाही कदाचित पण मनात असू शकते, की मी हट्ट केला म्हणून पप्पा मेले. घरच्यांना सांगा, न विचारता सांगून टाका की तुझ्यामुळं काही झालेलं नाही.

त्या आखाजीला आजीनं गोवरीचा विस्तव केला, तूप सोडलं, नाव घेतलं आणि घास त्याच्या हातानं टाकायला लावला. त्यानं सांजोरीचा, सणाच्या त्या गोड पदार्थाचा, एवढा मोठा तुकडा टाकला की विस्तवच विझायला आला, आजी ओरडली, आणि घरात सगळे रडता रडता हसले. अर्ध्या तासानं बघितलं तर पोरगं झोक्यावर. हे बघून कुणी म्हणालं की याला काहीच वाटत नाही, तर ऐकू नका, पोरांचं दुःख असंच असतं, घडीत रडणं घडीत खेळणं. प्रत्येक समाजाची रीत वेगळी असते, त्यामुळं तिच्या घरची काय आहे ते आधी विचारा, आणि त्यात तिला करण्यासारखं काय आहे तेही.

माझी एक चूक सांगतो. दुसऱ्या एका पोराला मी वर्गासमोर उभं करून दोन मिनिटं मौन पाळायला लावलं होतं. मला वाटलं सन्मान होतोय. पोरगं पुढं आठवडाभर शाळेतच आलं नाही. त्याचं टक्कल केलेलं होतं, सगळे बघत होते. आता मी पोरगं येण्याच्या आधीच वर्गाला सांगून ठेवतो की असं असं झालंय, डोक्यावरून हसायचं नाही, नेहमीसारखं खेळायला घ्यायचं. बास. आणि आठ वर्षांच्या पोराला "आता तूच घरचा बाप" म्हणणारी माणसं असतात ना, त्यांचा मला भयंकर राग येतो.

भगताकडं, मांत्रिकाकडं, नेत असतील तर भांडू नका, तुमचा शब्दच बंद होईल. पण काही महिने झाले तरी जेवण-झोप बसत नसेल, अंथरूण ओलं करणं थांबत नसेल, किंवा "मलापण पप्पाकडं जायचंय" असं बोलत असेल तर थांबायचं नाही, जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात तिथं घेऊन जा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात, त्यावर आधी तुम्ही स्वतः बोला. मूल संकटात असेल तर चाइल्डलाइनचा १०९८.

आणि कागदं. हे लवकर करा कारण दुःखात कुणाचं लक्ष नसतं. मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथं होते, तीही २१ दिवसांच्या आत करायची असते. गुजरातेत वारले असतील तर दाखला तिकडून आणावा लागेल, मुकादमाला मागं लागा. दाखला हातात आला की क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात द्या, आई किंवा वडील एकजण नसला तरी चालतं, महिन्याला २२५० रुपये मिळतात. पैसे यायला वेळ लागतो, हेलपाटे पडतात, पण त्या मायला पुढच्या दिवाळीला पोरगी सोबत कोयत्यावर न्यावी लागली नाही तरी खूप झालं.

तो पोरगा आता नववीला आहे. सांजोरी अजूनही मोठीच टाकतो म्हणे.